आठ क्लिक आणि बक्षीकाकांची पाठ

"दीदी, बस नीचे चाहिए. एकदम नीचे."

सौरभ बक्षीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. फोटोतली लाल गाडी जमिनीला इतकी चिकटलेली होती, की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटही शिरलं नसतं.

त्याची स्वतःची गाडी आमच्या लिफ्टवर होती. दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार. भंगारात निघालेली ही गाडी त्याने उचलली आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून स्वतः उभी केली. आता फक्त सस्पेन्शन उरलं होतं, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सस्पेन्शन मी बघते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याचे वडील बसले होते, कमरेला पट्टा बांधून. बक्षीकाकांनी तीस वर्षं ट्रक चालवला. आता कारखान्यांच्या भागात, सिलतऱ्याला, त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना स्टेअरिंगला हात लावायला बंदी केली आहे. शंकर नगरच्या घरून सिलतऱ्याला रोज मुलगाच नेणार होता.

"मी आत्ताच सांगून ठेवतो," काका म्हणाले. "या डबीत बसून मले सिलतऱ्यापर्यंत जाता आलं, तर गाडी राहीन. पाठ दुखली, तर विकून टाकायची अन् माणसासारखी गाडी घ्यायची. घरात दोन गाड्या उभ्या राहणार नाहीत."

"पापा, दो साल लगे हैं इसको बनाने में."

"अन् माही पाठ बनाले तीस लागले."



थोडं समजावून सांगते. गाडीच्या प्रत्येक चाकाजवळ दोन वस्तू असतात. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. शॉक त्या स्प्रिंगला शांत करतो, नाहीतर एका खड्ड्यानंतर गाडी दहा वेळा नाचेल. शॉकच्या आत तेल असतं. चाक वर उचललं गेलं की ते तेल एका बारीक भोकातून ढकललं जातं, आणि त्या ढकलण्यात खड्ड्याचा सगळा राग जिरतो. वाटीभर तेल आणि सुईएवढं भोक, समोर हजार किलोंचं धूड. चार वर्षं हे काम करते आहे, तरी शॉक उघडला की माझा हात थोडा थांबतोच.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला सेट. त्यात उंची बदलता येते. वर एक नॉब असतो. तो फिरवला की टक, टक असा आवाज येतो. एक टक म्हणजे एक क्लिक. दर क्लिकला ते भोक थोडं बंद होतं किंवा थोडं उघडतं. भोक जितकं बंद, तितका शॉक कडक.

आमचे मालक भुस्कुटे सर आतून एक खोका घेऊन आले. रेस ट्रॅकसाठी बनवलेला सेट. बरेच दिवस पडून होता.

"हा घे. बत्तीस क्लिक."

सौरभचे डोळे चमकले. "बत्तीस! तो फिर पूरे बत्तीस पे रखेंगे."

आमच्याकडे ही चूक दर दुसरा माणूस करतो. पूर्ण दिलं आहे तर पूर्ण वापरायचं. जेवणाच्या थाळीसारखं.

"सर, हा मी लावणार नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"ट्रॅक गुळगुळीत असतो. सिलतऱ्याच्या रस्त्यावर लोखंडाचे ट्रक चालतात. दुसरं म्हणजे, या सेटमध्ये गाडी खाली आणली की शॉकची हालचालही तेवढीच कमी होते. खड्डा आला की दांडा टोकाला जाऊन आपटणार. आपटलं की चाक रस्ता सोडतं. बाजूला ट्रेलर असताना चाकाने रस्ता सोडला तर? खोका रिकामा व्हावा म्हणून माणसाला त्यात बसवायचं का?"

"तू मेकॅनिक आहेस का नेता?"

"ज्याच्या पाठीवर आपटणार आहे, त्याची बाजू कोणीतरी घ्यायला पाहिजे."

माझे बाबा उरला भागातल्या मिलमध्ये कामाला होते. गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागायची. सर हे जाणतात, म्हणून हसले. पण खोका परत नेला नाही.

मग मी वाद थांबवून मोजमाप केलं. प्रत्येक शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक बारीक रिंग चढवली. शॉक दबला की रिंग सरकते आणि तिथेच राहते. शॉक किती आत गेला होता, हे ती नंतर सांगते. जुन्याच शॉकवर मी गाडी सिलतऱ्याच्या रस्त्यावर फिरवून आणली. चारही रिंगा थेट टोकाला जाऊन बसल्या होत्या. म्हणजे शॉकची हालचाल पूर्ण असूनही ती सगळी लागली होती; आणखी कमी करून चालणार नव्हतं.

सरांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हं. लाव मग तुले पाहिजे तो. पण पोट्ट्याची गाडी गेली तर त्याले तोंड तू दाखवशील."

मी रस्त्यासाठी बनवलेला सेट मागवला. स्प्रिंग मऊ. क्लिक चोवीसच. उंची खालच्या ब्रॅकेटने बदलायची, म्हणजे गाडी खाली आली तरी शॉकची हालचाल पूर्ण राहते. गाडी फक्त अर्धा इंच खाली आणली.

"आधा इंच?" सौरभ कळवळला. "दीदी, तेलीबांधा के तालाब पे दोस्त हँसेंगे."

"हसू दे. त्यांना सिलतऱ्याला जायचं नाही."

शेवटचं काम क्लिकचं. नॉब आधी पूर्ण कडक टोकापर्यंत फिरवायचा, मग तिथून मऊकडे मोजत यायचं. पुढे बारा, मागे सोळा असं मी ठरवलं होतं. मोजत असतानाच सर पुन्हा म्हणाले, की तो खोका आता कोणाच्या गळ्यात मारायचा. मी नॉब फिरवता फिरवता त्यांना ऐकवलं. चांगलं पाच मिनिटं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. सीट दोनच, म्हणून चालवायला मी आणि शेजारी काका. सौरभ वर्कशॉपच्या दारात उभा राहिला.

काकांनी डोळे मिटले. डावा हात मांडीखाली ठेवला. मला वाटलं, दुखतंय. वाटेत भनपुरी लागली.

मग काका म्हणाले, "मागची डावी बाजू कडक आहे."

"नाही काका. दोन्ही सारख्या आहेत. मी स्वतः मोजल्यात."

"असतीन. पण डावी कडक आहे."

"तुम्ही डाव्या बाजूला बसलात, म्हणून वाटत असेल."

"पोरी, चाळीस टन माल घेऊन जाताना चाकावरच्या कमानपाट्याचं एक पान तडकलं, तरी मले समजायचं. कानानं नाही, इथून." त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला. "डॉक्टर म्हणते ही पाठ खराब झाली. खराब नाही झाली. जास्त ऐकून राहिली."

मी एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली. राग आला होता, खोटं कशाला सांगू. मागची डिकी उघडली. मागचे दोन्ही नॉब तिथूनच हाताला लागतात. उजवा कडक टोकाकडे फिरवत मोजला. सोळा. बरोबर.

डावा मोजला. सहा, सात, आठ. नॉब अडला.

पुन्हा मोजला. आठच.

सरांशी भांडताना मी तो नॉब उलट्या टोकापासून मोजला होता. एकूण क्लिक चोवीस, म्हणून मऊपासून सोळा म्हणजे कडकपासून आठ.

शेजारून ट्रक जात होते, काळी धूळ उडत होती, आणि मी डिकीत डोकं घालून तशीच उभी होते. आठ क्लिक. आत तेलाच्या भोकात किती फरक पडला असेल? नखाएवढाही नाही. तो फरक शॉकमधून, चाकातून, पत्र्यातून, सीटच्या फोममधून आणि त्या पट्ट्यातून पार होऊन एका माणसाच्या मोडक्या मणक्यापर्यंत पोचला होता. आणि त्या मणक्याने कुठलं चाक, तेही सांगितलं होतं. असं यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं. ज्या रस्त्याने ते मोडलं, त्याच रस्त्याने ते घडवलंही होतं.

मी डावा नॉब सोळावर आणला आणि आत येऊन बसले.

"काका, माझं चुकलं. डावा कडकच होता."

"किती?"

"आठ."

"हव," एवढंच म्हणाले.

पुढचा रस्ता जास्त खराब होता. स्पीडब्रेकर, तुटलेलं काँक्रीट, मग पुन्हा स्पीडब्रेकर. मी काका काही बोलतील याची वाट बघत होते. काही नाही. सिलतऱ्याला त्यांच्या ऑफिससमोर गाडी उभी केली, तरी काही नाही. वळून पाहिलं तर त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

फोन वाजला. सौरभ.

"दीदी, क्या बोले पापा?"

"काही नाही बोलले."

"मतलब? दर्द है?"

"झोपलेत," मी हळू आवाजात म्हटलं.

पलीकडून सरांचा आवाज आला, लांबून, "काय झालं रे?" आणि सौरभचा, पहिल्यांदाच मराठीत, "झोपले."

गाडी राहिली. काका रोज तिच्यातूनच सिलतऱ्याला जातात. ट्रॅकचा खोका अजून आमच्या कपाटावर आहे, आणि त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त आता भांडण असलं, की मी आधी नॉब सोडते. मग भांडते. आणि नंतर पुन्हा एकपासून मोजते.