देवानं उजेड पाडला!

काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण चूक माझीच हाय अन् ती मी अजून कुणापुढं कबूल केलेली न्हाई!

माजलगावात रिक्षाला भोंगा लावून मी साड्यांच्या सेलची जाहिरात करतो. माझा आवाज सुरू झाला की बाजारातली म्हैस सुद्धा मान वळवती. म्हणून तर आमच्या गल्लीतल्या चर्चच्या रूथ मॅडम घरी आल्या. बायबलात देवानं जग कसं बनवलं ती गोष्ट हाय ना, तिचं लेकरांसाठी त्यांनी कार्टून बनवलं होतं. चित्रं तयार, फक्त आवाज पाहिजे होता.

"बबनभाऊ, देवाचा आवाज द्याल का?"

द्याल का? अहो, संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगून आलो, आता मी देव हाय म्हणून! फळवाले रशीदभाई म्हणले, "देवा, पपई घे, पर भोंगा बंद ठेव." बायको सुनंदा म्हणली, "दिवसभर वरडता, एकदा तरी चारचौघांत नाव निघंल." लग्नानंतर तिच्या तोंडून पहिलं कवतिक! आता माघार कशी घ्यायची?

मॅडमनी दिलेल्या कागदावर होतं, "प्रकाश होवो." म्हणलं, कावून? प्रकाश तर आमचा वायरमन! लेकरांना वाटंल, देव वायरमनला हाक मारायलाय. सोपं बोलावं की! आधी लांबलचक "आँऽऽ ऊँऽऽ" करून घसा मोकळा केला, मग माझ्या मनानं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. घशाचं तेबी चुकून वेगळं रेकॉर्ड होऊन सोबत गेलं. कार्यक्रम तोंडावर आलता, मॅडमनी गोष्ट न ऐकताच चित्रांना जोडली.

हॉल गच्च भरलेला. पहिल्या रांगेत मी, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी सुनंदा. पडद्यावर गुडुप अंधार. अन् माझा आवाज घुमला,

"पहिल्या दिवशी देवानं उजेड पाडला!"

मागं एक बाई फिसकन हसली. तिच्या लेकीनं विचारलं, "मम्मी, मी गणितात पाडला तसा?"

झालं! हॉलभर खसखस. म्हणलं थांबा, सूर्य-चंद्र येऊ द्या, मग बघा. ते आले, अन् मी पडद्यावरून गरजलो, "चौथ्या दिवशी देवानं दिवे लावले! लई दिवे लावले!"

लोक पोट धरून हसायले. रशीदभाईंच्या तर डोळ्यांत पाणी! माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो.

"हसता काय? उजेड त्यानंच पाडला ना? दिवे त्यानंच लावले ना? मग माझं काय चुकलं?"

"मम्मी, देव चिडला! तो बघ, तिथं उभा हाय!" ती पोरगी किंचाळली.

मॅडमनी कार्टून बंद केलं. "बबनभाऊ, आता दुसरा आवाज घ्यावा लागेल. अन् लोकांची माफी मागा."

"माफी? हाट्! एक अक्षर माघारी घेणार न्हाई! अन् माझं नाव पडद्यावर आलंच पाहिजे!"

मॅडम शांतपणे म्हणल्या, "येईल."

पुढच्या रविवारी मी सुनंदाला घेऊन मुद्दाम पहिल्याच रांगेत जाऊन बसलो. भ्यायचं कशाला? नवा देव गुळमुळीत आवाजात "प्रकाश होवो" म्हणला. कुणी हसलं न्हाई. मी मनात म्हणलं, बोलावा आता वायरमनला!

मग देवानं जनावरं बनवली. झाडामागून एक गाढव आलं, मान वर केली अन्... "आँऽऽ ऊँऽऽ!"

सुनंदा माझ्याकडं बघायली. शेवटी पडद्यावर नावं आली, त्यात ठळक अक्षरांत: गाढव – बबनभाऊ.

लेकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात जोरात टाळी सुनंदाची. माझ्या कानाशी लागून म्हणली, "तरी म्हणलं, आवाज घरचाच कसा वाटायलाय!"