धूळ न दिसणारी जर्सी

विचारलंच आहे तर सांगतो बाप्पा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या खेपेला एकाने हा किस्सा ऐकता ऐकता माझ्या काउंटरवरच चहा सांडला. मला स्वतःला आताशा हसूही येत नाही. थकलो मी! दुकानात येणारा प्रत्येक पोट्टा कपाळावर हात धरतो, डोळे बारीक करतो आणि दारातूनच ओरडतो, "काका, तुम्ही हाय का आत? दिसून नाही राहिले!"

मी रंगाचा व्यापारी. इतवारीत दुकान, वाडीला गोडाऊन. शाळेत फार दिवस टिकलो नाही. जे शिकलो ते डबे उचलता उचलता शिकलो. त्यातली सगळ्यात मोठी विद्या कोणती, माहीत आहे? नागपूरच्या माणसाला रंग विकायचा असेल, तर त्याला एकच वाक्य ऐकवायचं: "यावर धूळ दिसत नाही." झाला सौदा!

बदामी आणि माती यांच्या मधली एक शेड आहे माझ्याकडे. अर्धं शहर मी त्या शेडमध्ये बुडवलं असेल. उठून दिसणारा रंग दिवाळीला लावा, होळीपर्यंत त्याचं तोंड उतरतं. हा रंग कधी मळतच नाही. मळणार कसा? तो मुळातच मळका! पण हे काही गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

तर आमच्या भागात एक फुटबॉल क्लब आहे, पिंपळपार क्रीडा मंडळ. पोट्टे चांगले खेळतात, पण वर्षानुवर्षं खालच्याच विभागात. वरच्या लीगच्या उंबरठ्यापर्यंत जायचं आणि तिथे घसरून परत यायचं, हा यांचा नेम. कप्तान अफजल. दिवसभर वाडीला ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक खाली करतो आणि संध्याकाळी गोल मारतो. त्याचे गुडघे आता कुरकुरायला लागले आहेत. मला म्हणायचा, "काका, वरच्या लीगमध्ये एक मॅच खेळू द्या. फक्त एक. मग मी बूट खुंटीला टांगतो."

क्लबचे आधीचे अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले आणि पोट्ट्यांनी मला अध्यक्ष केलं. काहून केलं, हे काय मला समजत नव्हतं? नव्या जर्सी कोणीतरी द्यायला पाहिजेच ना!

पण मी पडलो व्यापारी. मी विचार केला, माल एक नंबर आहे, डबाच जुना झाला आहे. मोबाइलवर पाहिलं होतं मी, देशोदेशीचे खालचे क्लब नाव बदलतात, चिन्ह बदलतात, कपडे बदलतात आणि वरच्या लीगचं दार ठोठावतात. मग आम्ही काय घोडं मारलं?

मीटिंग घेतली. जाहीर केलं, "आजपासून आपण सेंट्रल फाल्कन्स एफसी!"

अफजलने विचारलं, "फाल्कन म्हणजे काय जी काका?"

"ससाणा. झेप घेते थो."

चिन्ह करून आणलं होतं, ते फिरवलं. आमचे कोच डॉमनिक सर. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, पण बोलतात मोजून. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाले, "कोंबडी छान आहे."

मी मनात म्हटलं, जळतात. नव्या गोष्टीला लोक आधी जळतातच!

मग आला जर्सीचा रंग. जुनी जर्सी पिवळी-काळी. कोसावरून दिसायची, पण धुऊन धुऊन पिवळा पार उडालेला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धूळ न दिसणारी शेड! जर्सी तीच, चड्डी तीच, मोजेही तेच. डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग, एकदम विलायती! टीव्हीवरच्या हिरव्यागार गवतावर ही बदामी पाखरं कशी भरारी घेतील, ते मला बसल्या जागी दिसायला लागलं.

जर्सी घरी आल्या तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "काय जी, हे कपडे तुम्ही सोफ्यावर ठेवले की ठेवलेच नाही?"

आमचा सोफाही त्याच शेडचा आहे. मी म्हटलं, "हाच तर क्लास आहे! रंग डोळ्यात खुपला नाही पाहिजे."

"खुपून नाही राहिला," ती म्हणाली. "सापडूनच नाही राहिला."

डॉमनिक सरांनी सुचवलं, एकदा सरावाला घालून बघू. मी साफ नाही म्हटलं. नवा माल आधीच उघडला तर उद्घाटन कशाचं करायचं? शेवटच्या मॅचपर्यंत जर्सी प्लास्टिकच्या पिशवीतच राहतील, असा मी अध्यक्षीय हुकूम काढला.

शेवटची मॅच. नुसती बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. समोर लाल जर्सीवाले, आमचे जुने दुश्मन. त्यांचा वर जायचा चान्स कधीच गेला होता, पण आम्हाला जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ते आले होते. मी फीत कापली, पिशव्या फोडल्या. पोट्टे कपडे घालून मैदानात उतरले आणि मी डोळे चोळले.

अहो, टीव्हीवरचं गवत आमच्या मैदानावर कुठून येणार? उन्हाळा लागलेला. या गोलपासून त्या गोलपर्यंत नुसती माती. आणि ती माती, शपथेवर सांगतो, अगदी माझ्या शेडकार्डातून काढल्यासारखी!

रेफरीने खेळाडू मोजले. मला बोलावलं. "भाऊ, तुमचे दहाच आहेत. अकरावा कुठे आहे?"

"मी इथंच उभा हाय सर," त्यांच्या शेजारून आवाज आला. तो आमचा चेतन होता, उजव्या बाजूने पळणारा.

शिट्टी वाजली. बावीस जणांनी धूळ उडवली आणि आमचा संघ त्या धुळीत विरघळला. वर डोकी पळत होती, खाली बूट पळत होते, मधला माल गायब! अफजल बॉल घेऊन इकडे बघे, तिकडे बघे. डोळ्यांना फक्त लाल जर्सी दिसत होत्या. शेवटी बिचारा वैतागून दिसेल त्याला पास देऊ लागला. दिसत होते कोण? तेच! त्यांनी आमच्याच पासवर दोन गोल मारले.

हाफटाइमला अफजल धापा टाकत आला. "काका, जुन्या जर्सी काढा. लवकर!"

मी फोडलेल्या पिशव्या गोळा करायला लागलो.

"काका, जुन्या जर्सी कुठं हाय?"

"दुकानात."

"मग बोलवा ना कोणाले घेऊन!"

"बोलवता येईल," मी म्हटलं, "पण... त्या फाडल्या. डबे पुसायला चांगलं कापड होतं गा."

अफजलने विचारलं, "माझी नऊ नंबरची?"

आता काय सांगू त्याला? नऊ नंबरने त्या दिवशी सकाळीच सांडलेला प्रायमर पुसला होता.

तेवढ्यात माझ्यातला रंगवाला जागा झाला. सुकी भिंत फिकी दिसते, ओली भिंत गडद! मी ओरडलो, "भिजवा सगळ्यांना!" मैदानाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा ड्रम होता. मी स्वतः मगाने एकेका पोट्ट्याला आंघोळ घातली. आणि काय सांगू, रंग पालटला! बदामीचा कॉफी झाला. लांबून ठळक दिसू लागले पोट्टे. डॉमनिक सर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

खेळ सुरू झाला. चेतनने अफजलला बघितलं. हो, बघितलं! पास दिला आणि अफजलने तो जाळ्यात घातला. दोन-एक! मी अशा उड्या मारल्या की चप्पल कुठे गेली ते कळलं नाही.

पण नागपूरचं ऊन ते. पोट्टे माझ्या डोळ्यांदेखत वाळायला लागले. त्यात ओल्या कपड्यांवर जी धूळ बसली ती निघायचं नाव घेईना. आधी ते मातीच्या रंगाचे होते, आता मातीचेच झाले! ड्रमही मी रिकामा करून बसलो होतो.

मॅच संपत आली. चेतन बॉल घेऊन उजवीकडून सुटला. समोर गोलकीपर. गोलसमोर म्हणे अफजल एकटा, मोकळा, दोन्ही हात वर.

"चेतन! इकडे दे!"

चेतन थांबला. "कुठं?"

"अबे इकडे!"

"कोणत्या इकडे बे?"

मीही कडेवरून बोंबललो, "उजवीकडे! नाही, नाही, डावीकडे!" खरं सांगतो, मलाही दिसत नव्हता. तेवढ्यात एका लाल जर्सीने येऊन चेतनच्या पायातला बॉल अलगद काढून नेला. शिट्टी वाजली. वरची लीग गेली.

अफजल तिथेच मातीत बसला. तो कुठे बसला आहे, हे शोधायला आम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मैदानाकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी अफजल आणि डॉमनिक सर दुकानात आले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला, हात जोडले. "अफजल, माझं चुकलं गा. अध्यक्षपद सोडतो मी. एखादा समजदार माणूस पाहा."

"सोडा काका, पण घरी नका बसू," अफजल म्हणाला. "आम्ही तुमच्यासाठी शब्द टाकून आलो."

"माझ्यासाठी? कुठे?"

"लाल जर्सीवाल्यांकडे," डॉमनिक सर म्हणाले. "पुढच्या वर्षी तेही नाव बदलत आहेत. चिन्हही आणि जर्सीही. त्यांना अध्यक्ष हवा आहे."

मी अफजलकडे बघितलं. वाटलं, आता हसेल. पण तो हसला नाही. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि अगदी कळवळून म्हणाला, "नाही नका म्हणू, काका. मले एकदा तरी वर जायचं हाय."