लाल टिकलीचं पुडकं

सकाळी घंटागाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो. लग्न झालं तेव्हा तो सासूबाईंच्या हाकेनं यायचा, नंतर मुलांच्या निकालानं यायचा, आता पन्नाशीला कचऱ्यानं येतो. माझी प्रगती म्हणायची ती एवढीच.

राहात्यात आमची गल्ली पेरूच्या बागेला लागून आहे. समोरासमोर दोन ओळी घरं. मधल्या रस्त्यावर उभं राहिलं की कुणाच्या कुकरला किती वेळ लागतो तेही ऐकू येतं. एकमेकांचं जे थोडंफार ठाऊक नव्हतं, ते नगरपरिषदेनं कचऱ्याची तपासणी सुरू केल्यावर कळलं. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्यात, हे आम्ही कधीचं पाळत होतो. म्हणजे पाळतो असं म्हणत होतो. आता गाडीबरोबर मुकादम यायला लागला. हातात लोखंडी आकडा, खिशात मोबाईल. दारातच बादली ओतायला लावायचा, आकड्यानं ढवळायचा, आणि मिसळलेलं काही दिसलं की फोटो काढून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकायचा. मागं घर येईल अशा बेतानं.

कुणाच्यात न मिसळणाऱ्या एका शांत गृहस्थांच्या ओल्या कचऱ्यात चपटी बाटली निघाली. 'माझे केस आईवर गेलेत' म्हणणाऱ्या बाईंच्या बादलीत कलपाची पाकिटं. घरगुती चकल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनींकडे तयार भाजणीच्या रिकाम्या पिशव्या. माझी बादली उलटली तेव्हा कारल्याची अख्खी भाजी बाहेर आली, आणि ग्रुपवर फोटोखाली लिहून आलं, 'अन्न वाया घालवू नये.' भाजी मीच केली होती. आमचे हे फोटो बघून म्हणाले, "मी बोललो असतो तर भांडण झालं असतं."

लोक कुरकुरले. आमच्या घरात काय चाललंय ते बघणारा तू कोण, असं एकानं विचारलं, तर मुकादम अगदी सबुरीनं म्हणाला, "घरातलं कुठं बघतोय काका? फाटकाभाईरचं बघतोय. एकदा टाकलं म्हंजी ते तुमचं राहिलं न्हाई."

अख्ख्या गल्लीत मुकादमाची बाजू घेणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्याच घरात होता. माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर आली की हे मोळी उपसायचे आणि आत वाळका पाला, म्हणजे पाचट, जास्त निघालं की वजन कापायचे. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या ट्रॉलीचं कापलं. मेव्हणा पुढं कितीतरी दिवस आमच्याकडं जेवायला आला नाही.

"बरोबर करतोय तो," मामा म्हणायचे. "उपसल्याशिवाय कळत नाही."

त्यामुळं आमची तपासणी दोनदा व्हायची. आधी ओसरीवर, मामांची. "सूनबाई, दुधाची पिशवी धुतलेली नाही. सूनबाई, बिस्किटाचा कागद हिरव्यात कसा?" मी कंबरेवर हात ठेवून उभी. माझं घर, माझा कचरा, आणि मीच परीक्षेला बसलेली.

मग दिवाळीनंतर मामांचं नगरला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण लघवीवर ताबा राहिला नाही. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले. न आला तरी घाबरू नका. तोवर डायपर वापरा.

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. यांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीत पहिला गठ्ठा आणला आणि तो कपाटात मागं सरकवला. मामा त्याला 'ते' म्हणायचे. 'ते' बदललं की मामा यांना सांगायचे, हे मला खूण करायचे, आणि मला काही माहीतच नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. पुडकं बांधायची मीच, पण मला माहीत नव्हतं. संसारात एवढ्या वर्षांत मी बरीच सोंगं केली, पण हे फार दमवणारं होतं.

मामांची अट एकच. गल्लीत कळता कामा नये.

सुरुवातीला हे पुडकी स्कूटरच्या डिकीत घालून शिर्डीला न्यायचे. यांची नोकरी तिथं एका लॉजच्या काउंटरवर आहे; लॉजच्या ढिगात कुणाचं काय कळतंय, असा यांचा हिशेब. पण तपासणी तिथंही पोचली, आणि मालकानं सगळ्या नोकरांसमोर विचारलं, "कुठल्या खोलीत एवढं वयस्कर गिऱ्हाईक उतरलंय?" हे घरी आले ते तोंड पाडून. मामांना सगळं कळलं, आणि त्यांना राग आला तो भलत्याच गोष्टीचा. "आपला कचरा दुसऱ्याच्या नावावर टाकता? लाज नाही वाटत?" म्हणजे झालं असं, की कचरा नियमानं आमच्याच दारातून जायला हवा, आणि तो कुणाला दिसताही कामा नये.

एवढ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मामांच्या उशाशी मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी उचलला तर जवळजवळ तेवढाच जड. चहाही अर्धाच घ्यायला लागले होते. मी यांना म्हटलं, "मामा पाणी तोडतायत." कमी प्यायचं, म्हणजे पुडकी कमी, म्हणजे उघडं पडायची भीती कमी. काट्यावरच्या माणसाचं गणित, त्यात चूक नव्हती. फक्त त्यात मामा वाळत चालले होते.

तेव्हा मी सोंग सोडलं आणि मुकादमालाच विचारलं, गोल गोल, असलं काही असेल तर कुठं द्यायचं? तो म्हणाला, "कागदात गुंडाळा, लाल खूण करा, गाडीच्या मागच्या पेटीत टाका. त्येला कुनी हात लावत न्हाई."

लाल खूण करायला घरात लाल पेन नव्हतं. गाणं तर कोपऱ्यावर वाजायला लागलेलं. मी आरशासमोर गेले, टिकल्यांच्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढली आणि पुडक्यावर चिकटवली. कागद मामांनी स्वतः काढून दिला. यांच्या हाती निरोप पाठवला, "अग्रलेख नको. पुढाऱ्यांचे फोटो आहेत ते पान घ्या."

गाडीवरची बाई मोठी आनंदी. तिनं पुडकं हातात घेतलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं हसली. "ताई, टिकली लावली! पुडक्याला सवाष्णच केली की वो!" मग आवाज जरा खाली आणून, म्हणजे फक्त चार घरांना ऐकू जाईल असा, "बाळ आलंय व्हय घरी?"

मी मान हलवली. नुसती हलवून थांबले असते तर बरं होतं. "हो, भाची आलीय बाळाला घेऊन."

दुपारी समोरच्या काकू हजर. हातात हळिवाच्या लाडवांचा डबा, त्यावर स्वतः शिवलेली फुलाफुलांची कुंची. मामा ओसरीवर खुर्चीत बसलेले.

"अगं, बाळंतीण घरात आणि मला सांगितलं न्हाईस! कोण हाय, मुलगा का मुलगी? मामा, बाळ कुठंय?"

मामांनी कुंचीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कुंचीकडं बघितलं. आयुष्यात मेव्हण्यासाठी खोटं न बोललेला हा माणूस शांतपणे म्हणाला, "झोपलंय. आत्ताच डोळा लागलाय."

"मग नंतर येते. झोपमोड नको."

काकू गेल्या. मामा कुंची मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. तिची नाडी सरळ केली, घडी घातली. त्या संध्याकाळी तांब्या सकाळी भरला तसाच काठोकाठ होता. दुसऱ्या दिवशीही. मग मोरीच्या दारात त्यांना घेरी आली. हे मागंच होते म्हणून सावरलं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर आमच्यावरच चिडले. "पाणी असंच तोडलं तर मूत्रपिंडं जातील. मग मला सांगू नका."

घरी आल्यावर मामा 'त्या'बद्दल पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "सूनबाई, 'ते' गाडीत देऊ नका. गच्चीवर पोत्यात साठवा. पुढचं पुढं बघू."

"मामा," मी खालीच बसले. "मी दमले हो. बांधायचं मला काही नाही, मुलांचं केलं तसं तुमचं करते. पण हे लपवालपवीचं आता होत नाही. आणि तुम्ही पाणी पीत नाही ते तर बघवत नाही."

मी उठून भांडी घासायला गेले. उगाच बोलले असं वाटत राहिलं, पण बोललेलं काही धुऊन निघत नाही, आणि भांडी बरीच होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमाबरोबर एक साहेब आले. पांढरा शर्ट, वय आमच्या थोरल्याएवढं. मुकादम आमच्या फाटकाशी खुलून म्हणाला, "सायेब, हे बगा आदर्श घर. खूण बी टिकलीची हाय. फोटो काढतो, ग्रुपवर टाकू."

साहेबांनी पुडकं उचलून हातावर तोललं. "हे काय आहे?"

"बाळाचं हाय. घरात बाळ हाय ना."

"एवढं मोठं? उघडा बरं. लाल खूण करून लोक आत काहीही घालतात."

गल्ली फाटकाफाटकांत उभी. समोरच्या काकू सर्वांत पुढं. मी म्हटलं, "नको ना, राहू द्या." मुकादम मोबाईल धरून समजुतीनं म्हणाला, "ताई, टाकलं म्हंजी ते तुमचं न्हाई."

"टाकलं तरी माझंच आहे ते."

मागून मामा आले होते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. कालचं सलाईन, आज फाटकापर्यंत कसे आले कोण जाणे. साहेब म्हणाले, "म्हणजे, बाबा?"

"या घरात बाळ नाही. ऑपरेशन झालंय, मला ते लागतं. उघडायचं तर उघडा. फोटो काढणार असाल तर मीही उभा राहतो." आणि मामांनी काठी बगलेत धरून शर्टाचं वरचं बटण लावलं. लग्नातल्या फोटोला लावतात तसं.

गाडीवरचं गाणं तेवढं चालू होतं. साहेबांनी पुडकं आपल्या हातानं मागच्या पेटीत ठेवलं. मुकादमानं मोबाईल खिशात घातला. पण मामांचं संपलं नव्हतं. "बादल्या उपसा. रोज उपसा. मीही काट्यावर मोळ्या उपसायचो. पण गाडीवानाच्या भाकरीचं फडकं कधी सोडून बघितलं नाही."

मुकादम नुसतं "व्हय बाबा" म्हणाला. गाडी पुढं गेली. काकू मात्र रस्ता ओलांडून आमच्याकडं आल्या. मला वाटलं, आता झाली शोभा.

"मामा, ते लाडू कोणी खाल्ले मग?"

"मी. गूळ कमी होता."

"बाळंतिणीला कमीच घालत्यात." काकूंना हसू आवरेना. "आन् कुंची?"

"परत न्या."

"ऱ्हाऊ द्या. थंडी हाय, कान झाकायला हुईल."

मामा ओसरीवर येऊन बसले. डोळे मिटून म्हणाले, "सूनबाई, पाणी." मी तांब्या-भांडं घेऊन गेले. त्यांनी भांडं रिकामं केलं. "अजून." मी ओतत राहिले, आणि डोळ्यांत पाणी असताना माझ्या मनात आलं ते हे, की उद्या पुडकी वाढणार.

वाढलीच. ताबा अजून आलेला नाही, डॉक्टर अजून 'हळूहळू' म्हणतात. मुकादम बादल्या ढवळतो, ग्रुपवर फोटो पडतात, परवा पुन्हा माझी न धुतलेली दुधाची पिशवी झळकली आणि मामांनीच तिच्याखाली अंगठा दिला. रोज सकाळी तेच. हिरवी, निळी, कागद, टिकली, आणि ओसरीवरून, "सूनबाई, तांब्या भरा."

काल घाईत उरलेली शेवटची टिकली पुडक्याला लावली आणि मी तशीच बाजाराला निघाले. काकूंनी फाटकातूनच हटकलं, "अगं, कपाळ मोकळं? टिकली कुठंय?"

"गाडीत गेली," मी म्हटलं.