चोरलेला पान्हा

मुलांनो, पालमला आमच्या घराच्या फाटकावरून रोज शेळ्या नेणारी एक बाई होती; ती एका जागी टिकत नसे. बोलतानाही तिची काठी जमिनीवर टकटक चालूच.

तुमच्या रेवामावशीला बाळंत होऊन चौथा दिवस होता. दूध उतरत नव्हतं, बाळ रडून थकलं होतं. पाजायच्या वेळा मोजत, घड्याळ घेऊन मी तिच्या उशाशीच उभी असे. शेवटी फाटकाशी जाऊन त्या बाईकडे शेळीचं दूध मागितलं.

"न्हाई देत," म्हणत ती थेट आत आली. बाळाला मावशीच्या छातीशी नीट लावलं आणि माझ्याकडे वळली.

"माणूस डोक्यावर उभं ऱ्हायलं की शेळीबी पान्हा चोरती, बाई. तुमी भाईर व्हा."

मी अंगणात आले. बऱ्याच वेळाने ती दारात येऊन हळूच म्हणाली, "गिळायलंय लेकरू. आत जाऊ नका."