आधी हाडं, मग माणूस

रत्नागिरीत दर रविवारी सकाळी आमचा सात-आठ हौशी मंडळींचा चित्रकलेचा क्लास भरतो. दोन वर्षांत माझी वही अर्धीसुद्धा भरली नाही, किस्से मात्र पोतंभर जमले!

शिकवणारे सर शाळेतून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कार्टून नंतर. आधी हाडं, मग माणूस!" झालं, मी महिनाभर घरी कवट्याच काढत होतो. एकदा बायको खांद्यावरून डोकावली. म्हणाली, "हे तुमचे ऑफिसातले मॅनेजर ना? मग मिशी कुठाय?"

*

आमच्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत. अंगातलं हाडन् हाड तोंडपाठ! यांच्यापुढे आपला काय निभाव लागणार, असं आम्हाला वाटलं. डॉक्टरांनी धावणारा माणूस काढला. सरांनी चष्मा वर करून बघितलं. मग हळूच विचारलं, "डॉक्टर, ह्याचं प्लास्टर कधी निघणार?"

*

आमच्यातलीच नफीसा पूर्णगडहून एसटीने येते. तिला आवडतं फक्त कार्टून. भोपळ्याएवढं डोकं, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, हाताला चारच बोटं.

"पाचवं कुठाय गो?" सर ओरडले.

नफीसा शांतपणे म्हणाली, "लाजतंय, सर."

*

एकदा आरे-वारेच्या किनाऱ्यावर स्केचिंगला गेलो. शहाळी विकणाऱ्या एका मावशींना समोर बसवलं. सरांनी तासभर खपून त्यांची एकेक सुरकुती काढली.

मावशींनी कागद बघितला. "अवो मास्तर, माझी आई कुठं भेटली तुम्हाला?"

नफीसाच्या चित्रात नुसतं गोल तोंड आणि हे एवढं हसू! ते मात्र मावशींनी लगेच गाडीवर लावून टाकलं. सरांनी आपलं चित्र गुंडाळून पिशवीत कोंबलं.

*

सरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर वर्षभरात फार अधू झाली. सर रोज नवं चित्र त्यांच्यासमोर धरायचे. पेन्सिलीचं नाजूक शेडिंग. काकूंना सगळा कागद धुरकट दिसायचा. "छान आलंय हो," त्या म्हणायच्या. काय छान आलंय, ते सांगायच्या नाहीत.

परवा आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला गेलो. नफीसाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करने सरांचं कार्टून काढलं. टक्कल, चष्मा आणि वाकड्या, जाडजूड भुवया. काकूंनी कागद पार नाकाशी धरला आणि खुदकन हसल्या.

"अगोबाई, हे तर तुम्ही! एवढे कोणावर चिडलात?"

"कोणावर नाही गं," सर म्हणाले.

"मग भुवया सरळ करा बघू!"

आणि सरांनी, कागदाला हातही न लावता, आपल्या भुवया सरळ केल्या.