मुकुंदाला दिलेला पेरू

कुणी म्हणालं पोपट पाळायचाय, की मी आधी विचारते, पिंजरा कुठे टांगणार? लोकांना वाटतं बाई येडी आहे. वाटू दे. हे शहाणपण मला फुकटात मिळालेलं नाही. जिच्यापायी दोन वर्षं मी आमच्या बिल्डिंगमध्ये मान खाली घालून जिने चढले, तिची ही हकिगत आहे आणि मी ती काही प्रेमानं सांगत नाहीये.

जयमाला ढवळे तिचं नाव. कामोठ्यात आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहते. मूळची सोलापूरकडची. नवरा तळोज्याच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर हिनं भाकऱ्या विकून मुलाला, नंदकिशोरला, इंजिनिअर केलं. हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. आमच्या सेक्टरमध्ये एकटी राहणारी जेवढी पोरं आहेत ती ज्वारीच्या भाकरीसाठी ढवळेकाकूंचंच दार वाजवतात. सकाळी साडेसहाला तिचा तवा चढतो. आधी तवा, मग पीठ. रिकामा लोखंडी तवा मोठ्या आचेवर ठेवायचा, तोवर परातीत पीठ मळायचं, आणि तव्यातून धूर आला की पहिली भाकरी टाकायची. तिच्या आईची हीच रीत होती. चाळीस वर्षांत तिनं ती मोडलेली नाही.

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या डक्टवर समोरासमोर आहेत. हात लांब केला तर वाटी देता येईल एवढंच अंतर. तिच्या खिडकीला आतून एक हुक आहे आणि त्या हुकावर मुकुंदाचा पिंजरा असायचा.

मुकुंदा म्हणजे साधा हिरवा पोपट. नंदकिशोर पुण्याला नोकरीला गेला त्याच वर्षी वादळात मागच्या झाडावरून हे पिल्लू खाली पडलं. जयमालानं भिजवलेली डाळ बोटानं भरवून त्याला जगवलं. मुलगा गेल्यावर रिकामं झालेलं घर त्यानं भरलं म्हणायला हरकत नाही. तिचं सगळं बोलणं त्याच्याशी. गॅस संपला तरी मुकुंदाला सांगायची. पहिल्या भाकरीचा पापुद्रा त्याचा ठरलेला. फुंकर मारून गार करायची, त्याला द्यायची आणि मगच पोरांच्या ऑर्डरी घ्यायची.

पोपट पाळणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तो बोलतो त्याच्या शंभरपट ओरडतो. पावणेसहा वाजले की मुकुंदा सुरू. माझी मुलगी मैत्री तेव्हा बारावीला होती आणि प्रिलिम तोंडावर आलेली. मी दोनदा नीट सांगितलं, पिंजरा हॉलमध्ये न्या. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काकू, देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला एक फोन केला तर उचलून नेतील. बाईनं खिडकी धाडकन लावली. बोलणं बंद झालं.

प्रिलिम आटोपली तसं मलाच वाईट वाटायला लागलं. मी काही फोन करणार नव्हते, रागात बोलून गेले होते. संक्रांतीच्या सुमाराला माणगावहून, माझ्या माहेरच्या परसातले पेरू आले. संध्याकाळी मी खिडकीतून हाक मारली, म्हटलं, मुकुंदाला पेरू चालतो का? जयमालाही निवळली होती. नंदकिशोर सणाला येऊन गेला होता, त्या आनंदात होती. तिनं मला त्यानं आणलेला नवा तवा दाखवला. काळा, गुळगुळीत, नॉनस्टिक. मनगट दुखतं म्हणून हलका आणलाय, उद्यापासून ह्याच्यावरच करणार, असं कौतुकानं सांगत होती. मी माझ्या हातानं मुकुंदाला पेरूची फोड दिली. त्यानं ती पायात धरून खाल्ली. मला बरं वाटलं. एक कटकट मिटली म्हणून मी त्या दिवशी शांत झोपले.

सकाळी सात वाजता तिची किंकाळी ऐकली. मुकुंदा पिंजऱ्याच्या तळाला पडला होता, चोच उघडी. मी धावत लॉबीत गेले तर तिनं सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हिनं पेरूत काहीतरी घातलं. वनखात्याची धमकी देऊन भागलं नाही म्हणून विष घातलं."

 धमकी दिली होती हे खरं होतं. पेरू दिला हेही खरं होतं. ज्या पेरूच्या झाडाला माझ्या आईनं पाणी घातलं त्या झाडाचं फळ विषारी ठरलं.

त्यानंतर काय झालं ते ऐका. भाकरीला येणाऱ्या पोरांना तिनं मला बघून कुजबुजायला शिकवलं. माझं नाव पेरूवाली पडलं. दर चौदा एप्रिलला मी अख्ख्या बिल्डिंगला खीर वाटते, लग्न होऊन आले तेव्हापासून. त्या वर्षी बारा दारांपैकी दोन दारं उघडली. बाकीचे आतून म्हणाले, आत्ताच जेवलो. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण यांच्या हातचं घ्यायचंच कशाला, हे वाक्य लिफ्टमधून माझ्या कानावर आलंच. म्हणजे पोपटाचं निमित्त. मनातलं बाहेर यायला जयमालानं फक्त दार उघडून दिलं. पातेलंभर खीर मी ऑफिसला नेली. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात मी बिलिंगला आहे. तिथल्या लोकांनी बोटं चाटून खाल्ली आणि मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. रडून झाल्यावर ठरवलं की हिचं उट्टं काढल्याशिवाय मी हा फ्लॅट सोडणार नाही.

आमचे हे, चंद्रशेखर, म्हणायचे सोडून दे राजश्री, म्हातारी बाई आहे. मी नाही सोडलं. भाकरीसाठी नवीन पोरगा पत्ता विचारायला आला की मी त्याला वरचा मजला सांगायची. तीनदा सांगितला. तिचे कपडे डक्टमधल्या दोरीवर वाळत असले की नेमकी मी माझी खिडकी धुवायची. हलकटपणा होता, माहीत आहे मला. पण त्यानं पोट भरत नव्हतं.

मग दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी, माझ्या हातात खरं हत्यार आलं. मैत्रीला कॉकटील पाळायचा होता. तो परदेशी पक्षी, कायद्यात बसतो. तरी मी म्हटलं, आणायच्या आधी डॉक्टरला विचारू. खारघरच्या एका पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो भला माणूस. वीस वर्षं जगेल, एकटा ठेवलात तर स्वतःची पिसं उपटेल, वायरी कुरतडेल, हे सगळं सांगितलं. आणि मग म्हणाला, पिंजरा किचनपासून लांब. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्यातून जो वायू निघतो तो आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी पाच-दहा मिनिटांत मरतो.

मला जयमालाचं स्वयंपाकघर दिसलं. नवा तवा, रिकामा, मोठ्या आचेवर, धूर येईपर्यंत. आणि वर हुकाला मुकुंदा. दोन वर्षं जिच्यामुळे मी पेरूवाली झाले होते, तिनंच त्याला मारलं होतं.

मैत्रीनं पक्ष्याचा नाद सोडला. मी मात्र घरी येताना गाणं गुणगुणत आले. लगेच जाऊन सांगितलं असतं तर काय मजा? तिनं मला चारचौघांत नागवं केलं होतं, मीही तिला चारचौघांतच सांगणार होते. सव्वीस जानेवारीला सोसायटीची पूजा असते, सगळी बिल्डिंग खाली जमते. मी वाक्यं तयार केली. भांडी घासताना मनात म्हणून बघायचे. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, सगळं पाठ.

आणि दिवाळीला नंदकिशोर आला तो एक पिंजरा घेऊन. कॉकटील, राखाडी अंगाचा, गालावर केशरी टिकली. सोबत नवा तवाही, कारण जुन्याचा थर निघाला होता. पक्षी हॉलमध्ये ठेव म्हणून सांगून तो परत गेला. पण हॉलमध्ये एकटा पडला की पाखरू शिट्ट्या मारून घर डोक्यावर घ्यायचं. आठ दिवस जयमालानं सोसलं. नवव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी आले, तर पिंजरा मुकुंदाच्या हुकावर.

खाली गॅसवर नवा तवा. रिकामा. ती पाठमोरी उभी राहून पीठ मळत होती.

खरं सांगते, मला गंमत वाटली. म्हटलं चला, पूजेपर्यंत थांबायलाच नको. हा तवा माझं काम करेल. पुन्हा रडेल, पुन्हा ऊर बडवेल, आणि या वेळी पेरू नाही, राजश्री नाही, कुणाचं नाव घेशील गं बाई? मी चहाचा घोट घेतला. पाखरू शिट्टी मारत होतं, मग कर्कश ओरडायला लागलं. जयमाला मान न वळवता म्हणाली, "थांब रे राजा, पहिली भाकरी तुझीच." आणि हात मागे नेऊन तिनं गॅस आणखी मोठा केला.

पाखराचं ओरडणं बंद झालं. ते पिसं फुगवून दांडीवर बसलं, चोच उघडी, शेपटी वरखाली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं. आजपर्यंत मी निर्दोष होते. जग काहीही म्हणो, मला माहीत होतं. आज हा मेला तर मारणारी मीच. म्हणजे ती दोन वर्षं जे बोलली ते खरं होणार. तेवढा विजय मी त्या बाईला मिळू देणार नव्हते.

कप ओट्यावर आपटला. पोरांसाठी तिचं दार सकाळी उघडंच असतं. मी चपला न घालता आत शिरले, गॅस बंद केला, स्टुलावर चढून पिंजरा उतरवला आणि लॉबीच्या खिडकीत नेऊन ठेवला. जयमाला पिठाच्या हातांनी मागे धावत आली. ओरडण्यानं मजल्यावरची बाकीची दारंही उघडली, भाकरीला आलेली दोन पोरंही तिथेच उभी.

"आता ह्यालाही मारायला आलीस?"

सव्वीस जानेवारी आपल्या पायांनी चालून आली होती. माणसं जमलेली, मी मधोमध. आणि पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"मी नाही मारत, काकू. तुमचा तवा मारतोय," मी म्हटलं. "मुकुंदालाही त्यानंच मारलं. माझ्या पेरूनं नाही."

मग डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आवाज चढवून, प्रत्येक दाराकडे बघून सांगितलं. पोरांपैकी एकानं मोबाईलवर शोधून मान डोलावली. पाखरू हवेवर आलं, दहा-पंधरा मिनिटांत दांडीवर नीट बसलं. जयमाला भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं ती भांडेल. माझी तयारी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, आपल्या पिठाच्या हातांकडे बघत होती.

"त्या दिवशी तोही असाच ओरडत होता," ती म्हणाली. "मला वाटलं भूक लागलीय. भाकरी लवकर व्हावी म्हणून मी गॅस मोठा केला."

 एकेक दार लागलं.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसून हसत होते. यार्डात पोचेपर्यंत तिचं ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं, आणि मग बिलांमध्ये दोन चुका केल्या. तरी कीव आली असं म्हणणार नाही. बघा, मी दोन वर्षं भोगलं होतं, तिलाही थोडे दिवस भोगू दे.

चार दिवस तिच्या घरी तवा चढला नाही. पोरं येऊन परत गेली. पाचव्या दिवशी सकाळी लोखंडी तव्याचा ओळखीचा वास आला. पिंजरा हॉलच्या पार टोकाला, बाल्कनीच्या दाराशी गेला होता. तासाभरानं माझी बेल वाजली.

जयमाला दारात उभी होती. माफीबिफी काही नाही. लॉबीत लिफ्टसाठी सेक्रेटरी आणि त्यांची बायको थांबलेली. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "राजश्री, माहेरचे पेरू आलेत का गं? मला एक दे."

आले होते, टोपलीभर. त्यातला सगळ्यात कच्चा, दगडासारखा पेरू मी निवडला. तिच्या दाढा पडल्यात हे मला माहीत होतं. चिरलाही नाही, मीठही दिलं नाही. लिफ्ट आली, दार उघडलं, पण सेक्रेटरी आत जाईनात. जयमालानं तो पेरू पुढच्या दातांनी कुरतडत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बियांसकट पूर्ण खाल्ला. मी दारात उभी राहून शेवटच्या घासापर्यंत बघत होते. मग ती पदराला हात पुसत म्हणाली, दुसरा असेल तर दे.

दुसरा मी पिकलेला दिला.