वरंधा घाटातली हडळ

माझं माहेर भोरचं, सासर महाडचं. एका श्रावणात माहेराहून परतताना वरंधा घाटात आमची मोटरसायकल घसरली. धुकं इतकं दाट होतं की वळण दिसेपर्यंत आम्ही वळणावर पोचलोही होतो. मी रस्त्यावर आपटले. नवरा गाडीसकट तुटलेल्या कठड्यातून खाली गेला.

काठाशी पालथी पडून मी हाका मारल्या. खालून कण्हणं ऐकू आलं, दिसत काहीच नव्हतं. मोबाईलला रेंज नव्हती, दिवस मावळत आला होता. मग मी उठले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने एक जीप आली. मी दोन्ही हात वर करून तिच्या समोर गेले. ती थांबली. दिव्यांच्या झोतामुळे आतलं कुणी दिसेना. माणूस खाली पडलाय, उतरा, असं मी ओरडत होते. मी काचेशी पोचणार तेवढ्यात जीप मागे सरकली आणि मला वळसा घालून सुसाट निघून गेली.

त्यानंतर खालचं कण्हणंही थांबलं. पुढचा वेळ मी कसा काढला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला. त्यातली माणसं दोर धरून खाली उतरली. नवरा झुडपात अडकला होता. वर आणला तेव्हा शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता. मांडीत रॉड घालावा लागला, पण नवरा वाचला. जीपवाल्यांना मात्र मी रोज मनातल्या मनात शिव्या घालत होते.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. मी शिक्षिका आहे. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा आमच्याकडे आलं नव्हतं. क्लिपा ब्लूटूथवरून या फोनमधून त्या फोनमध्ये जायच्या. मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाईंनी फोन पुढे केला. म्हणाल्या, घाबरणार नसाल तर दाखवते, वरंधा घाटातली हडळ आहे.

पावसाने भरलेली काच, त्यापलीकडे एक बाई. तोंडावर मोकळे केस, कपाळावर रक्त, फाटून फडफडणारा पांढरा प्लॅस्टिकचा रेनकोट. एका पायात चप्पल नव्हती. तिचे हात वर होते आणि तोंड उघडं. तिचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता. ऐकू येत होते ते गाडीच्या आतले.

"काच लाव रे. पाय बघ तिचे, उलटे हायत काय?"

दुसरा कुणीतरी रडत देवाचं नाव घेत होता. ते रडणं खोटं नव्हतं.

"ती मी आहे," मी म्हणाले.

बाई हसल्या. मग त्यांची नजर माझ्या कपाळावरच्या व्रणावर गेली. त्यांनी तिथल्या तिथे क्लिप पुसली, पण एव्हाना ती बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत पोचली होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने हट्टाने एका ओळखीच्याकडून क्लिप मागवून घेतली आणि पाय लांब करून पलंगावर बसून पाहिली. एकदा, मग पुन्हा.

"यात मी कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी स्क्रीनच्या कडेला बोट ठेवलं. तिथे नुसतं धुकं होतं.

"इथे," मी म्हणाले. "खाली."